घरातल्या कोणाचं मन आजारी पडलं तर: नाशिकमधल्या कुटुंबांसाठी

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवडे कॉलेजला गेलेला नाही, खोलीचं दार लावून पडून असतो. अंबडच्या कंपनीत वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेला नवरा हल्ली सुट्टीच्या रात्रीही टक्क जागा असतो आणि अर्ध्या जेवणावरून उठून जातो. निफाडकडच्या एखाद्या घरात ऑक्टोबर छाटणीचे मजूर दारात येऊन उभे राहतात आणि ज्याची बाग तो खाटेवरून उठत नाही. अशा प्रत्येक घरात पहिली चर्चा सुरू होते ती कारणाची. मोबाईलमुळे झालं, संगतीमुळे झालं, कर्जामुळे झालं, सुनेमुळे झालं, कोणाची तरी नजर लागली. या चर्चेत दोन-तीन महिने सहज निघून जातात आणि आजार तेवढ्यात मुरतो.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की देशातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्यातले उपचारांपर्यंत न पोचलेले किती, तर वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के. म्हणजे बहुतेक घरं अजून कारणाच्या चर्चेतच अडकलेली आहेत.

माझ्या सासरी एका जवळच्या माणसाचा असा आजार आम्ही सगळे मिळून सांभाळतो. त्यातून माझं पक्कं मत झालं आहे: आजार बरा करण्याची जबाबदारी घरच्यांनी अंगावर घेऊ नये, ती डॉक्टरांची. घरच्यांची कामं तीन. माणसाला उपचारापर्यंत नेणं, औषध चालू ठेवणं आणि घर चालू ठेवणं. आणि ही तिन्ही कामं एकट्या बाईच्या गळ्यात पडता कामा नयेत. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या दोन वाक्यांभोवती आहे.

आधी वही घाला

साधी शंभर पानी वही. पहिले आठ-दहा दिवस फक्त नोंदी. तर्क लिहायचे नाहीत, डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. एक पान साधारण असं असतं:

"सोमवार. रात्री २ पर्यंत जागा, ५ ला पुन्हा उठला. सकाळी चहा घेतला, पोहे नको म्हणाला. आंघोळ नाही. दुपारी अर्धी पोळी. संध्याकाळी मित्राचा फोन आला, उचलला नाही. दोनदा म्हणाला, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास.' टीव्ही लावला तर बंद करायला लावला."

"तो फार बदललाय हो" या वाक्यातून डॉक्टरांना काही कळत नाही. या पानातून बरंच कळतं. झोप, भूक, आंघोळ, बोलणं, काम, पैसा आणि चिडचिड एवढं पुरे. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळपास रोज, असं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. पण दोन आठवडे भरायची वाट प्रत्येक वेळी पाहायची नसते. माणूस दोन-दोन तास झोपूनही टवटवीत आहे, अखंड बोलतोय, उधारीवर गाडी बुक करून आलाय, किंवा शेजारी भिंतीतून आपल्याविरुद्ध बोलतात असं त्याला ऐकू येतंय, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

बाळंतिणीकडे वेगळं लक्ष हवं. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं पुष्कळ जणींना होतं आणि ते ओसरतं. दोन आठवड्यांनंतरही ती बाळाकडे बघत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येत नसेल, तर "पहिलटकरीण आहे, होतं असं" म्हणून सोडू नका. आणि बाळंतपणानंतरच्या काही दिवसांत ती भलतंसलतं बोलायला लागली, बाळाबद्दल विचित्र काही सांगायला लागली, तर ती त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची गोष्ट आहे. म्हाताऱ्या माणसांत एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ बऱ्याचदा लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा एखाद्या औषधामुळे असतो. तिथे आधी फिजिशियन.

बोलायला कोणी बसायचं

घरात ज्याचं त्याच्याशी सगळ्यात कमी वाजतं, त्याने. बहुतेक वेळा ते वडील नसतात. मामी, चुलतभाऊ, मोठी बहीण, कोणीही चालेल. जेवणाच्या ताटावर आणि पाहुण्यांसमोर हा विषय काढू नका. समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी चालत बोलणं सोपं जातं. संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नाही तर गोल्फ क्लबच्या मैदानावर दोन फेऱ्या मारता मारता जे निघतं ते घरच्या सोफ्यावर निघत नाही.

ताई आणि तिचा धाकटा भाऊ असतील तर साधारण असं:

"तू रात्री झोपत नाहीस, मला दिसतं."
"काही नाही गं ताई, टेन्शन आहे थोडं."
"असेल. किती दिवस झाले?"
"...दिवाळीपासून."
"बरेच दिवस झाले रे. एकट्याने काढलेस. आपण एकदा डॉक्टरांना दाखवू. मी येते सोबत, आत तू एकटा गेलास तरी चालेल."
"मी काय वेडा आहे का?"
"नाहीस. झोप नाही, जेवण नाही, यावर औषध असतं. तेवढंच विचारून येऊ."

ताईने इथे कारण विचारलं नाही, उपदेश केला नाही. दिसलेलं सांगितलं, किती दिवस ते विचारलं, पुढचं एकच पाऊल मांडलं. "मन घट्ट कर", "तुला काय कमी आहे?", "आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं" ही वाक्यं बोलणाऱ्याचं मन हलकं करतात, ऐकणाऱ्याचं दार मात्र बंद होतं. पहिल्या वेळी नाही म्हणाला तर विषय सोडा, चार दिवसांनी पुन्हा काढा.

जीवाची भीती वाटत असेल तर

"मी नसलो तर बरं होईल", जवळच्या वस्तू वाटून टाकणं, अचानक निरवानिरवीची भाषा, खूप दिवसांच्या तडफडीनंतर एकाएकी आलेली विचित्र शांतता. असं काही दिसलं की सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं याने माणसाला सुटल्यासारखं होतं. "हो" आलं तर घाबरून ओरडू नका, शपथा घालू नका. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि त्याला एकटं सोडू नका.

त्याच तासाभरात घर सुरक्षित करायचं. शेतीच्या घरात फवारणीची औषधं कुलपात जातात आणि किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. शक्य असेल तर ती शेजारच्या वस्तीवर हलवा. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या एका डब्यात, डबा कुलपाच्या कपाटात. हे बारीकसारीक वाटतं, पण जीव द्यायचे क्षण बरेचदा थोड्या वेळाचे असतात. तेवढ्यात हाताशी काही नसलं तर माणूस त्यातून बाहेर येतो.

केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी आपल्यासाठी फोन केला तरी चालतो. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ लावा आणि थेट मोठ्या रुग्णालयात जा. पोलीस केस होईल या भीतीने लोक गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात लपवून उपचार करतात. तो वेळ जिवावर बेततो. रुग्णालय नोंद करेल, ती त्यांची रीत आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं असतं आणि त्याला उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

नाशिकमध्ये जायचं कुठे

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात शिकलेले डॉक्टर; निदान आणि औषध त्यांच्याकडे. मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतात, औषध लिहीत नाहीत. झोप-भूक गेलेली आहे, भास आहेत, जीवाचा विचार आहे, तर पहिली भेट मनोविकारतज्ज्ञाचीच. नवरा-बायकोतली तेढ, परीक्षेचं दडपण, जवळचं माणूस गेल्याचं दुःख अशा गोष्टींत समुपदेशनापासून सुरुवात केली तरी चालते. बोर्डावर नुसतं "काउन्सेलर" लिहिलं असेल तर शिक्षण विचारा. विचारण्यात अपमान काही नाही.

खर्च झेपत नसेल तर त्र्यंबक नाक्याचं सिव्हिल, म्हणजे जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सकाळी लवकर जा, केसपेपर काढताना "मनोविकार विभाग" असं स्पष्ट सांगा, नाहीतर मेडिसिनच्या रांगेत तास जातो. सोबत दोघं असावेत; एकजण रांगेत, एकजण माणसाजवळ. गर्दीत त्याला अस्वस्थ व्हायला होत असेल तर बाहेर झाडाखाली बसवा, नंबर जवळ आला की बोलवा. वैद्यकीय महाविद्यालयांतही मानसोपचार विभाग असतो: आडगावला डॉ. वसंतराव पवार महाविद्यालयाचं रुग्णालय, आणि इगतपुरी-घोटीकडच्यांना धामणगावचं एसएमबीटी. खासगी दवाखाने गंगापूर रोड, कॉलेज रोड, नाशिकरोड या भागांत बरेच आहेत. लोक पाहतील म्हणून लांबच्या गावचा डॉक्टर धरू नका. हा आजार महिनोन्‌महिने पाठपुरावा मागतो, आणि लांबची वारी चौथ्या खेपेला बंद पडते.

पहिल्या भेटीला वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुने रिपोर्ट न्या. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांची तपासणी डॉक्टर सांगतील. थायरॉईड मंदावलेला माणूसही उदास आणि सुस्त दिसतो. घराण्यात कोणाला असा आजार होता का, पूर्वी कधी अति उत्साहाचा काळ येऊन गेला का, दारू किती, हे लपवू नका. उत्साहाचा काळ लपवला तर फार नुकसान होतं. नैराश्याची नुसती गोळी अशा माणसाला उलट उन्मादाकडे ढकलू शकते.

तो यायलाच तयार नसेल तर आधी तुम्ही एकटे वही घेऊन डॉक्टरांना भेटा. चहात-भाजीत गोळी मिसळायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका; कळलं की विश्वास कायमचा जातो. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय, किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही अशी वेळ आली, तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे त्याच्या प्रतिनिधीच्या (तो कसा नेमायचा ते शेवटी 'कागद'मध्ये) अर्जावर, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं. साखळीने किंवा दोरखंडाने बांधून ठेवणं मात्र गुन्हा आहे, मग ते घर असो की एखादं देवस्थान.

त्र्यंबकची पूजा आणि डॉक्टरची गोळी

आपल्याकडे घरात असं काही झालं की कोणीतरी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी सुचवतंच, कोणी सप्तशृंगीला नवस बोलतं. सासूबाईंना त्यातून आधार मिळत असेल तर वाद घालू नका. म्हातारी माणसं दुखावली की औषधाला होणारा विरोध वाढतो. मी दोनच अटी सांगते. पूजेसाठी कर्ज काढायचं नाही, आणि पूजा झाली म्हणून गोळी एक दिवसही थांबवायची नाही. अंगात आलंय म्हणून मारहाण, चटके, धुरी देणाऱ्याकडे मात्र पाऊल टाकू नका. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ते गुन्हे ठरवले आहेत.

औषध चालू ठेवणं

इथेच सगळ्यात जास्त घरं घसरतात, म्हणून जरा सविस्तर. नैराश्यावरची औषधं लगेच काम करत नाहीत. दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण गुण यायला सहा-आठ आठवडे लागू शकतात. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतो: मळमळ, डोकं जड, थोडी बेचैनी. म्हणजे सुरुवातीला फक्त तोटा दिसतो आणि माणूस गोळी टाकून देतो. हे घरच्यांना आधीच माहीत असलं तर पहिला पंधरवडा निभावतो. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी फारच वाढली किंवा जीवाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन.

दुसरी घसरण बरं वाटल्यावर. "आता ठीक आहे, कशाला त्या गोळ्या?" पहिल्यांदा झालेल्या नैराश्यात बरं वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम बंद केलं तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते आणि आजार उलटतो.

"गोळ्यांची सवय लागेल" ही भीती सगळ्यांना असते. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांची दारूसारखी तलफ लागत नाही. सवय लागते ती अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची. त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या थोड्या दिवसांसाठीच असतात, जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं आणायच्या नसतात.

अति उत्साह आणि उदासी यांच्या लाटा आवरणारं लिथियम हे औषध चालू असेल तर रक्तातलं प्रमाण ठरलेल्या वेळी तपासावंच लागतं. अंगातलं पाणी कमी झालं की ते प्रमाण वाढतं. म्हणून निर्जळी उपास नको, उलट्या-जुलाब झाले की लगेच डॉक्टरांना विचारा, आणि तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरी फेरी उपाशीपोटी करायचा बेत असेल तर आधी बोलून घ्या. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळीनेही लिथियम वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, चाल अडखळली, बोलणं जड झालं, तर त्याच दिवशी दवाखाना. भासांवरच्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते. दर काही महिन्यांनी वजन वहीत लिहा.

कामं वाटून घ्या

रविवारी सगळे घरी असतात तेव्हा अर्धा तास बसा. आजारी माणसालाही बसू द्या, त्याच्या पाठीमागे ठरवू नका. गोळ्या कोण देणार, दवाखान्याच्या तारखेला सुट्टी कोण काढणार, पैसे कोण बघणार, नातेवाइकांचे फोन कोण घेणार, आणि ज्या बाईवर सगळ्यात जास्त पडतं तिला आठवड्यातून कुठली दुपार मोकळी मिळणार. नावं लिहा. पुण्याला किंवा परदेशात असलेल्या भावंडालाही काम द्या. ऑनलाइन औषधं मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, रोज रात्री दहा मिनिटं त्याच्याशी क्रिकेटवर बोलणं हे लांबूनही होतं. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना लगेच एक ठरावीक काम सांगावं.

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियातून (भास-भ्रमाचा आजार) सावरलेल्या लोकांच्या घरांचा अभ्यास केला. सतत टोचून बोलणं, राग धरणं आणि अति काळजीने माणसाला श्वास घेऊ न देणं, अशा घरांत आजार जास्त उलटला. त्यातही जी माणसं आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त त्या ताणात समोरासमोर असायची त्यांना जास्त त्रास झाला. म्हणून दोघांनाही रोज थोडे तास वेगळे हवेत. त्याला वाचनालय, मामाचं दुकान, मळ्यातलं हलकं काम. तुम्हाला भिशी, भजनी मंडळ, नुसतं गोदाकाठी बसणं. सांभाळणाऱ्या बाईची झोप गेली, रडू थांबेना झालं, तर तिचाही केसपेपर काढायचा. तिने आधी स्वतःकडे बघितलं म्हणून कोणाला बोल लावायचा हक्क नाही.

कामाला परत लावताना छोट्यापासून. पहिला आठवडा फक्त आंघोळ आणि दूध आणणं. मग भाजी. मग बँकेतलं एखादं काम. जमलं नाही तर "बघ, म्हटलं होतं ना" नको. उद्या त्याहून छोटं काम.

मुलांपासून लपवू नका, त्यांना सगळं दिसतं. आठ वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं: "बाबांच्या मनाला आजार झालाय, डॉक्टर औषध देतायत, तुझ्यामुळे झालेलं नाही." शेवटचे तीन शब्द पुन्हा पुन्हा सांगा. पाहुण्यांना मात्र सगळं सांगायची गरज नाही. "तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत" आणि पुढे चहा. "लग्न लावून द्या, सुधारेल" हा सल्ला ठाम नाकारा. त्यात एक आजारी माणूस आहेच, वर फसवलेली एक मुलगी घरात येते.

दारू रोजची असेल तर देवाची शपथ घालून एका दिवसात सोडवू नका. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की दोन-तीन दिवसांत झटके, भ्रम येऊ शकतात आणि ते जिवावर बेततं. दारू सोडवणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुढे टिकवायला अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांनीच चालवलेल्या गटाच्या बैठकी उपयोगी पडतात, तिथे पैसे लागत नाहीत.

कागद

एक फाइल करा. सगळे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, तारखेप्रमाणे. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरावा असं २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं. भरतीचा खर्च नाकारला तर लेखी कारण मागा. बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसीत नसतो.

माणूस बरा असतो त्या काळात एक काम उरकून घ्या: प्रतिनिधी नेमणं. साध्या कागदावर, त्याच्या सहीने, "उपचारांच्या बाबतीत माझ्या वतीने अमुक व्यक्ती" असं लिहिलं की कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ते चालतं. पुढे भरतीची वेळ आली तर कोण सही करणार यावर भाऊबंदकी होत नाही.

आजार अनेक वर्षं चालला आणि काम करणं कठीण झालं, तर दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. पुष्कळ घरं शिक्का बसेल म्हणून हे टाळतात. अर्ज करायचा की नाही हे त्या माणसाला विचारून ठरवा. कागद त्याच्या नावाचा निघणार आहे.